लेखक: ग्रे. साळवे

साळवेबाई रागावल्या की आधी चष्मा काढायच्या. पदराच्या टोकानं तो पुसायच्या, उजेडाकडे धरून बघायच्या आणि सावकाश परत डोळ्यांवर चढवायच्या. ह्या सगळ्याला मिनिटभर लागायचं. तेवढ्या मिनिटात समोरच्या माणसानं आपल्या आयुष्यातल्या सगळ्या चुका आठवून घ्याव्यात, अशी सोय होती.

दिल्लीत राग दुर्मीळ नाही. इथे लाल दिव्याजवळ एक हॉर्न वाजला की दोन सभ्य गृहस्थ आपापल्या गाडीतून उतरतात आणि एकमेकांच्या खानदानाची चौकशी करतात. पण तो राग लवंगी फटाक्यासारखा, वाजला की कागद उरतो. साळवेबाईंचा राग मंद आचेवरच्या पिठल्यासारखा होता. वरून शांत दिसायचा, आणि वाकून बघायला जावं तर एक बुडबुडा फुटून हातावर चटका.

ग्रेस साळवे मूळच्या नगरच्या. आमच्या कार्यालयात त्यांनी तीस वर्षं काढली. हे एक केंद्रीय कार्यालय आहे, नाव सांगत नाही. जवानांच्या घरच्यांचे अर्ज आमच्याकडे येतात: दवाखान्याचं कार्ड, बदलीनंतर मुलांची शाळा, राहायला क्वार्टर. मी आस्थापना विभागात, म्हणजे कुणी कुठे बसायचं आणि कुणाला कुठला मेमो द्यायचा हे कागदावर उतरवणारा. बाई वरच्या मजल्यावर, सर्व्हर सांभाळायच्या. बाकीचे त्यांना साळवे मॅडम म्हणायचे, मी एकटाच बाई म्हणायचो. कार्यालयात आम्ही दोघंच मराठी, त्यामुळे त्यांना मला मराठीत झापता यायचं. तो सन्मान दुसऱ्या कुणाला नव्हता.

पहिल्यांदा वर गेलो ते भीक मागायला. माझ्या संगणकावर परिपत्रकांच्या शेकडो फायली होत्या. कुणाचं नाव ‘अंतिम’, कुणाचं ‘नवीन अंतिम’, एकीचं ‘हेच खरं अंतिम’. सगळ्यांना तारखेप्रमाणे नावं द्यायची होती.

“बाई, एक कमांड हवी होती,” मी म्हणालो.

चष्मा निघाला.

“टिळेकर, डॉक्टरकडे जाऊन ‘एक गोळी द्या’ म्हणता का? काय दुखतंय ते सांगा.”

सांगितलं. त्यांनी माझ्यासमोर एक ओळ टाइप केली. एकच ओळ, माझ्या बोटाएवढी. मी कौतुकानं एंटरकडे हात नेला, तर मनगटावर फूटपट्टी बसली. खरोखर बसली. ती स्टीलची होती.

“आधी ह्या ओळीचं मराठी करा.”

“म्हणजे?”

“म्हणजे मोठ्यानं वाचा, ती यंत्राला काय सांगतेय ते. ज्याचं मराठी करता येत नाही ते चालवायचं नाही.”

ही त्यांची रीत होती आणि ती सगळ्या मजल्याला लागू होती. कोणाला कमांड द्यायच्या त्या फोनवर कधीच नाही, चिठ्ठीवरही नाही. समोर बसवून, ओळ लिहून, त्या माणसाकडून ती त्याच्या भाषेत म्हणवून घ्यायच्या. बिहारी असेल त्यानं हिंदीत, तमिळ असेल त्यानं तमिळमध्ये. बाईंना तमिळ येत नव्हतं, पण माणूस कुठे अडखळला ते कळायचं. मी अडखळलो ते एका फुलीसारख्या खुणेपाशी.

“हा तारा कसला?”

“तारा म्हणजे ‘सगळे’. नीट बघून घ्या त्याला. ह्या एका ताऱ्यानं जितकी घरं धुऊन नेली असतील तितकी पुरानं नेली नसतील.”

मग मी मराठी केलं, त्यांनी मान हलवली, मी एंटर दाबला, आणि माझ्या शेकडो अंतिम फायली शाळेच्या कवायतीसारख्या रांगेत उभ्या राहिल्या. मी टाळी वाजवली. बाई म्हणाल्या, “टाळ्या काय वाजवताय? दहा वर्षं घाण केलीत म्हणून हे लागलं.”

अशाच ओळी एकाखाली एक मांडून छोट्या छोट्या स्क्रिप्ट त्यांनी तीस वर्षांत खूप लिहिल्या. कोणी जुन्या फायली झाडणारी, कोणी सर्व्हरची जागा भरत आली की ओरडणारी, कोणी रोज रात्री सगळ्या फायलींची नक्कल, म्हणजे बॅकअप, काढणारी. प्रत्येकीच्या कपाळावर तेच: ‘लेखक: ग्रे. साळवे. बिघडलं तर मला विचारा.’ आणि त्याखाली मराठीत सूचना, देवनागरीत. “सूचना इंग्रजीत लिहिली तर कुणी वाचत नाही,” त्या म्हणायच्या, “आणि रागवायला आपलीच भाषा लागते.” त्यामुळे स्क्रिप्ट उघडली की आत असं काहीतरी भेटायचं: ‘खबरदार. ही पुढची ओळ कुणीही काढायची नाही. का, ते खाली लिहिलंय. वाचायचा कंटाळा असेल तर नोकरी बदल.’ खालच्या मजल्यावर आवक काउंटरवर बसणारी सरोज झा, दरभंग्याची, तिला बाईंनी तिच्या कामापुरतं थोडं शिकवलं होतं. तिचं सगळं मराठी ह्या सूचनांमधून आलेलं. ती मला जिन्यात भेटली की हसून म्हणायची, “थांब मूर्खा, आधी वाच.” तिला वाटायचं हा नमस्काराचा प्रकार आहे.

जुन्या फायली झाडणाऱ्या स्क्रिप्टवर बाईंचा विशेष जीव. ती चालवली की आधी काय काय जाणार त्याची यादी दाखवायची. मग विचारायची: कुठला फोल्डर? ‘हो’ किंवा ‘नाही’ चालायचं नाही, फोल्डरचं पूर्ण नाव हातानं लिहावं लागायचं. “हो म्हणायची माणसाला सवय असते,” बाई म्हणायच्या. “नाव लिहिताना निदान एकदा डोकं वर काढतो.” तीनदा नाव चुकलं की स्क्रिप्ट दहा मिनिटं बंद, आणि पडद्यावर मराठीत: ‘जा, चहा पिऊन ये.’

आमचे संचालक चड्ढा साहेब नवीन आले होते. सगळं स्वतः करून बघायचा उत्साह. तीनदा नाव चुकवलं. मला बोलावणं आलं.

“टिळेकर जी, ये क्या लिखा है?”

“सर, लिहिलंय की... मतलब, सिस्टम आपसे थोड़ा रुकने की विनती कर रहा है.”

“और चहा क्या है?”

“चाय, सर.”

“मशीन मुझे चाय पीने भेज रही है?”

“आदरपूर्वक, सर.”

साहेब हसले नाहीत. मी वर जाऊन हे बाईंना साभिनय करून दाखवलं. त्याही हसल्या नाहीत. म्हणाल्या, “नाव तीनदा चुकवणाऱ्या माणसाच्या हाती एवढी मोठी खुर्ची आहे, आणि तुम्हाला विनोद सुचतोय.”

एकदा मात्र मी त्यांचा राग उघड्यावर पाहिला. जानेवारीत आमच्या इथल्या मराठी मंडळाची बस काला अंबला जाते, पानिपतच्या स्मारकावर. त्या वर्षी बाई आल्या होत्या. धुकं, हातात गरम चहा, आणि एक पाहुणे शौर्यावर बोलत होते. बोलता बोलता ते रडायला लागले, आम्हीही डोळे पुसायला लागलो. बाई शेजारी उभ्या होत्या. चष्मा निघाला.

“ढसाढसा रडताय सगळे,” त्या मला म्हणाल्या, कुजबुजत नाही, चांगलं खड्या आवाजात. “लढले ते लढलेच. पण मागचा रस्ता तुटला, रसद येईना, माणसं उपाशी राहिली, हे बोला ना! परत यायचा रस्ता आधी चालून पाहावा लागतो. नकाशावर आहे म्हणजे रस्ता नव्हे, ती अफवा.”

पाहुणे थांबले. मी सगळ्यांच्या वतीनं ओशाळलो. पण नंतर बसमध्ये कळलं की बाई स्वतः दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी कार्यालयात येऊन नेमकं हेच करतात. रात्री काढलेली नक्कल रिकाम्या यंत्रावर परत उतरवून बघतात, येते की नाही. तीस वर्षं, एकही शनिवार न चुकवता. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं.

मग आले मेहरोत्रा.

मेहरोत्रा बाहेरच्या एका कंपनीचे सल्लागार. चाळिशीचे, गुळगुळीत, जोड्यांनाही तेल लावल्यासारखे. आधुनिकीकरणासाठी नेमलेले. पहिल्याच बैठकीत त्यांनी बाईंच्या झाडू-स्क्रिप्टवर बोट ठेवलं.

“मैडम, आजकल यूज़र से इतने सवाल कौन पूछता है? एक बटन होना चाहिए. स्मूद.”

“स्मूद तो केले का छिलका भी होता है,” बाई म्हणाल्या.

टेबलाभोवती सगळे खाली बघायला लागले. मी तर आनंदानं पेन पाडलं आणि ते उचलायला मुद्दाम वेळ लावला. पण वर आलो तेव्हा साहेब मेहरोत्रांकडे बघून मान डोलवत होते, आणि मला कळलं की बैठक संपली आहे.

मेहरोत्रांनी स्क्रिप्ट साफ केली. मराठी सूचना गेल्या, यादी गेली, प्रश्न गेला. ‘फोल्डरचं नाव कोरं असेल तर जागच्या जागी थांब’ अशी एक ओळ होती, तीही त्या झपाट्यात गेली. फोल्डरचं नाव आता एका वेगळ्या सेटिंग फाइलमधून आपोआप येणार होतं. बाईंनी लेखी विरोध केला. त्यावर शेरा आला: ‘पाहिले.’

मग एका मंगळवारी सकाळी अकराला मेहरोत्रांनी साहेबांसमोर बटन दाबून दाखवलं. सेटिंग फाइलमध्ये नाव लिहायचं राहून गेलं होतं. नाव कोरं आलं की यंत्र ‘अमक्या खोलीतलं जुनं सामान काढ’ असं वाचत नाही, ‘घरातलं सामान काढ’ असं वाचतं. त्यानं काढलं. कुरकुर न करता, अगदी स्मूद.

जवानांच्या घरच्यांचे सगळे अर्ज, सगळे स्कॅन केलेले कागद गेले. बाईंनी काय केलं? शिवी दिली नाही, साहेबांकडे गेल्या नाहीत. खुर्ची ओढली आणि आदल्या रात्रीची नक्कल उतरवायला घेतली. दुपारी तीनला सगळं परत जागेवर होतं. राहिले फक्त त्या सकाळचे अर्ज, कारण ते आदल्या रात्री नव्हतेच. सरोजच्या काउंटरवरच्या वहीत नावं-नंबर होते. दोघींनी एकेकाला फोन लावले. मी तिथे होतो तेव्हा बाई दिल्ली कॅन्टोन्मेंटमधल्या एका साताऱ्याकडच्या जवानाच्या बायकोशी बोलत होत्या. फोन स्पीकरवर होता.

“अवो ताई, परत कुठनं पाठवू? कागद त्यांच्याकडं हायेत आन् ते वर पोस्टिंगला. फोन बी लागत न्हाई. पोराला घिऊन दवाखान्यात जायाचंय मला.”

“तुमची काही चूक नाही,” बाई म्हणाल्या. “चूक आमची आहे. मी बघते.”

फोन ठेवला. त्यांनी तिचं कार्ड स्वतः धावपळ करून दुसऱ्या दिवशी हातात दिलं. पण ‘चूक आमची’ हे त्यांनी बाहेरच्या माणसाला सांगितलं होतं. आतल्या माणसांनी त्याचा फायदा कसा घेतला ते आता सांगतो, आणि इथून पुढचं साभिनय करून दाखवण्यासारखं नाही.

साहेबांनी मला बोलावलं. मेहरोत्रांच्या कंपनीवर डाग लागणं कुणालाच परवडत नव्हतं. ती साहेबांनीच आणली होती.

“टिळेकर जी, एक छोटा सा स्टेटमेंट बना दीजिए. साळवे मैडम साइन कर देंगी. फोन पर खुद मान चुकी हैं कि गलती हमारी है, और स्क्रिप्ट पर नाम भी उन्हीं का है.”

होतंच. मेहरोत्रांनी सूचना काढल्या, प्रश्न काढला, थांबायची ओळ काढली, आणि वरचं ‘लेखक: ग्रे. साळवे’ तेवढं ठेवलं. ज्यानं जीव वाचतो ते सगळं गेलं आणि ज्याच्या गळ्यात फास अडकवता येतो ते नाव राहिलं. हे मुद्दाम केलं की आळसानं, मला आजही ठरवता येत नाही, आणि दोन्हींचा सारखाच संताप येतो.

मी मसुदा केला. मी चांगले मसुदे करतो. ‘मी लिहिलेल्या स्क्रिप्टमधील त्रुटीमुळे सदर घटना घडली असून...’ बाईंना निवृत्तीला चार महिने होते. सही केली तर तीस वर्षांच्या सेवापुस्तकात शेवटचं पान हे. नाही केली तर चौकशी, आणि चौकशी लटकत ठेवून, पेन्शन अडकवून घरी.

मी कागद घेऊन वर गेलो. त्यांनी वाचला.

“कुणी लिहिलं हे?”

“साहेबांनी सांगितलं.”

“सांगितलं कुणी ते नाही विचारलं.”

“मी.”

“छान आहे. एक काना-मात्रा चुकलेली नाही,” त्या म्हणाल्या. “इतकं नीटनेटकं खोटं लिहायला किती वर्षं लागली हो?”

सही झाली नाही.

दोन दिवसांनी त्या खाली माझ्या टेबलाशी आल्या. हातात अकरा पानं. दोन फायली शेजारी ठेवून त्यांच्यातला फरक दाखवणारी एक साधी कमांड असते, तिचाच तो छापील निकाल. जी ओळ काढली तिच्याआधी वजाची खूण, वर सर्व्हरच्या नोंदीतून कोणी काढली त्याचं लॉगिन आणि तारीख. पानामागून पान, डावीकडे नुसत्या वजाच्या खुणा. बाईंनी स्वतःचं एक वाक्यही जोडलं नव्हतं. फक्त वर लिहिलं होतं: ‘माझं उत्तर सोबत.’

“डायरी करा,” त्या म्हणाल्या.

सरकारी कार्यालयात ज्या कागदावर डायरी नंबर नाही तो कागद जन्मलेलाच नसतो. नंबर पडला की तो नाकारता येत नाही, फाइलवर त्याला उत्तर द्यावंच लागतं. साहेबांना हे ठाऊक होतं. अर्ध्या तासापूर्वीच त्यांचा फोन आला होता: “साळवे का कोई कागज आए तो अभी मत लीजिए.”

“बाई,” मी म्हणालो, “आजचं रजिस्टर बंद केलंय. उद्या आणा.”

सव्वातीन वाजले होते. रजिस्टर माझ्यासमोर उघडं होतं आणि त्यात माझं पेन होतं.

बाईंनी रजिस्टरकडे पाहिलं. मग माझ्याकडे. चष्म्याला हात लावला नाही. मी तयारच होतो, निदान फूटपट्टी तरी, पण त्यांनी पानं उचलली आणि त्या गेल्या. वीस वर्षांच्या ओळखीत मी एवढा घाबरलो नव्हतो.

त्या थेट आवक काउंटरवर गेल्या. मीही मागून गेलो, का कोण जाणे, आणि खांबाआड उभा राहिलो. सरोजनं अकरा पानं मोजली, पहिल्या पानावर शिक्का मारला, नंबर घातला, पावती फाडून दिली. मान वर केली नाही. तासाभरात साहेब स्वतः खाली आले.

“किससे पूछकर चढ़ाया ये?”

“सर, काउंटर पर लिखा है, सभी कागज यहाँ जमा करें.”

“पढ़ा था क्या है इसमें?”

“मेरा काम पढ़ना नहीं है सर, चढ़ाना है. कागज है तो नंबर लगेगा.”

ती पगारानं माझ्या निम्मी. हुद्द्यानं माझ्यापेक्षा चार पायऱ्या खाली.

पुढे समिती बसली. अध्यक्षांनी पानं उलटली, विचारलं, “ये माइनस-माइनस क्या है?” बाई म्हणाल्या, “जो काटा गया.” अहवाल आला तो असा की घटना तांत्रिक कारणामुळे घडली. कुणावर ठपका नाही. बाईंचं सेवापुस्तक स्वच्छ राहिलं. बटन गुपचूप काढून जुनी स्क्रिप्ट परत लावली गेली. सगळ्यांनी बाईंचं अभिनंदन केलं, मिठाई मागितली.

“कसली मिठाई?” त्या कडाडल्या. “तांत्रिक कारणाला आई-बाप नसतात का? त्याचं नाव लिहा!” त्यांनी नाव लिहिण्याची मागणी करणारा अर्ज दिला, सरोजच्या काउंटरवरच. त्याचं उत्तर निवृत्तीपर्यंत आलं नाही. निरोप समारंभाचं पत्रक मीच काढलं होतं, फार सुंदर झालं होतं. बाई आल्या नाहीत. शाल दोन महिने माझ्या कपाटात पडून होती.

त्या नगरला परत निघाल्या त्या रविवारी मी लक्ष्मीबाई नगरला त्यांच्या क्वार्टरवर गेलो. मेट्रोत सगळं पाठ केलं होतं, सुरुवात, मधला विनोद, शेवट. खाली ट्रक उभा होता. बाई सामानवाल्यांवर ओरडत होत्या, “वो काँच है भैया, काँच! तुम्हारा सिर नहीं है जो पटक दोगे!” मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. एका गादीच्या गुंडाळीभोवती दोरी बांधायची होती, तिचं टोक माझ्या हातात दिलं.

“घट्ट धरा.”

मी धरलं. सामानवाला गाठ मारत होता. पाठ केलेलं सगळं विसरलो.

“बाई, तो कागद मी घ्यायला हवा होता.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाट पाहिली, की म्हणतील, जाऊ द्या हो, झालं ते झालं. आपल्यात असं म्हणायची पद्धत आहे.

“हो,” त्या म्हणाल्या. “घ्यायला हवा होता.”

गाठ बसली. त्यांनी दोरी ओढून पाहिली, माझ्या हातातून टोक घेतलं आणि वर जाऊन दाराला कुलूप लावून आल्या. किल्ली चौकीदाराला दिली, त्याच्याकडून सही घेतली, आणि ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी चढून बसल्या. ट्रक वळला तेव्हा मी हात वर केला. त्या समोर रस्त्याकडे बघत होत्या.